दाखल क्रमांक

डालड्याचा जुना डबा होता. झाकण सैल झालेलं, म्हणून त्याच्यावरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून बसवलेली. काकूंनी तो लेकरासारखा पोटाशी धरून आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. आतून काहीच आवाज आला नाही. नाण्यांनी भरलेला डबा हलला की खुळखुळायला हवा. हा मुका होता, कारण आतलं एकेक नाणं कागदात गुंडाळलेलं होतं. तिथंच मी थबकायला हवं होतं.

काका एसटीत कंडक्टर होते. १९६२ साली लागले, पस्तीस वर्षं नोकरी केली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांना नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. लहानथोरांचे ते कंडक्टर काका. गेल्या श्रावणात ते गेले. दिवस झाल्यावर माळा आवरताना मुलाला हा डबा सापडला. तो पुण्याला असतो. निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला. "मावशी, तुमचा सगळा जन्म लायब्ररीत गेला. यादी करायची तर तुमच्याशिवाय कोण? काय काय आहे आणि किंमत काय येतीय, एवढं बघून द्या की."

यादी करणं हा माझा धर्मच. कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं होते. इतिहासाच्या सरांनी जमवलेली नाणी तिथल्याच एका लाकडी कपाटात असत आणि त्यांची नोंदवही माझ्याकडे. त्यांच्याजवळ बसूनच मी नाणं धरायला शिकले: कडेनं धरायचं, अंगाला बोट लावायचं नाही, खाली मऊ कापड अंथरायचं. वाचायलाही थोडं शिकले. त्यामुळे डबा आला तेव्हा आनंदच झाला.

त्या संध्याकाळी मी भुईमुगाच्या शेंगा फोडाव्यात तशा पुड्या सोडल्या. दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे. तांबं एका ताटात, चांदी दुसऱ्यात, निकेल तिसऱ्यात, अ‍ॅल्युमिनियमची हलकी चिल्लर परातीत. मग धातूच्या पोटात राजवटी, राजवटींच्या पोटात किमती. रात्री दहापर्यंत टेबलावर असा देखणा क्रम लागला की मी दिवा न मालवता बराच वेळ बघत बसले. कागद मात्र टाकले नाहीत. लिहिलेला कागद टाकायचा नाही, ही ग्रंथालयातली सवय. गठ्ठा केला, रबर लावलं आणि कपाटात ठेवला. काहीतरी लिहिलेलं दिसलं होतं, पण वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ओळख पटवायला बसले. हत्यारं साधीच: भिंग, फूटपट्टी, गुजरीतल्या एका सराफाकडून आणलेला छोटा काटा आणि पश्चिमेची खिडकी. झिजलेलं नाणं वरून उजेड टाकून वाचता येत नाही. उन्हं कलली की ते खिडकीशी तिरपं धरायचं. मग उरलासुरला उंचवटा सावली टाकतो आणि एरवी गुळगुळीत दिसणाऱ्या तांब्यावर अक्षरं वर येतात. हा उजेड दिवसातून पाऊण तासच मिळतो. महिना-दीड महिना माझी संध्याकाळ त्या पाऊण तासाभोवती फिरत होती.

काकू अधूनमधून यायच्या. पहिल्याच दिवशी विचारलं, "चिंच लावून घासून देऊ का? लख्ख निघतील." आपल्याकडे पितळ-तांब्यावरची माया अशीच दाखवतात. पण नाण्याला चिंच लावायची नाही, राख नाही, दुकानातली पावडर तर नाहीच. अंगावर चढलेला काळा-हिरवा थर हे त्याचं कातडं असतं, आणि ते सोललं की खालची अक्षरंही थोडी सोलली जातात. मी हे सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "तेही असंच म्हणायचे. मी एकदा दोन घासली होती, तर दिवसभर बोलले नव्हते."

डब्यात सगळ्यांत जास्त शिवराया होत्या, अठ्ठावन्न. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्याबरोबर ही नाणी सुरू झाली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', भोवती बारीक ठिपक्यांचं वर्तुळ. पण हा पूर्ण मजकूर आमच्या एकाही नाण्यावर नव्हता. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. हातानं हातोडा मारायचा, त्यामुळे ठशातलं जेवढं चकतीवर येईल तेवढं यायचं. एकीवर 'श्री'ची वेलांटी आणि 'रा'. दुसरीवर नुसतं 'जा' आणि 'शि'चा अर्धा दांडा. अठ्ठावन्न नाणी ओळीनं मांडली तेव्हा कुठं मला एक राजा पुरता वाचता आला. एकेका नाण्याला आपण काय सांगतोय हे ठाऊक नसावं आणि सगळी मिळून बोलावीत, असं काहीसं ते होतं.

शिवराई म्हटली की लोक ती थेट महाराजांच्या हातची समजतात. मुलानंही फोनवर तेच विचारलं. त्याला सांगताना जीव जड झाला, पण खरं तेच सांगायचं. या नाण्याचा जनमानसातला मान एवढा की महाराजांच्या मागून आलेल्यांनीही ते त्याच नावानं पाडलं. पेशवाईत पाडलं, आणि एकोणिसाव्या शतकातही ते बाजारात चालत राहिलं. पुढच्या काळातल्या शिवरायांवर मागच्या मजकुराच्या मध्ये दोन आडव्या रेघा येतात, त्यांना दुदांडी म्हणतात. आमच्या अठ्ठावन्नांतल्या निम्म्याहून अधिक दुदांडीच होत्या. ठसे कोरणारेही नाना हातांचे. कुणी 'शिव' लिहितो, कुणी 'शीव', कुणी 'सिव'. कुणी 'पति', कुणी 'पती'. शुद्धलेखनाच्या चुका म्हणून मी त्यांच्याकडे बघूच शकले नाही. कुठल्या गावच्या टांकसाळीत कोण कारागीर बसला होता आणि त्याच्या तोंडी राजाचं नाव कसं होतं, हे त्या वेलांटीतूनच कळतं. महेश्वरी आणि विगिन्स यांचा 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज' हा ग्रंथ १९८९ साली नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेनं काढला; तो शेजारी उघडून ठेवला की एकेक वळण ताडून पाहता येतं. मी पाहिलं. तरीही निम्म्या शिवरायांपुढे मला 'बहुधा' लिहावं लागलं, आणि 'बहुधा' लिहिण्यात कमीपणा नाही असं मला आता वाटतं.

चांदीचे जुने रुपये सात निघाले. मराठी मुलखातल्या टांकसाळींचे, पण वर मजकूर फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं. दिल्लीची सत्ता नावापुरती उरली तरी रुपया त्याच नावानं पाडला जाई, कारण लोकांचा डोळा त्या छापाला सरावला होता. 'जर्ब' हा शब्द सापडला की पुढे टांकसाळीचं गाव असतं. 'जुलूस' सापडला की जवळपास बादशहाच्या राज्यारोहणाचा सन. आमच्या सातांतल्या चारांवर 'जर्ब'च्या पुढचं गाव चकतीबाहेर गेलेलं. उरलेल्या तिन्हींवरची अक्षरं अशी की कोरणाऱ्याला फारसी येत नसावी. ओळीचं नक्षीकाम होऊन बसलेलं. पुतळ्यांच्या माळेचं असंच झालं आहे. गुजरीत आजही पुतळीची माळ घडते, पण पुतळी हे मूळचं व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख असतो. आपल्याकडे त्या उभ्या-बसलेल्या माणसांच्या पुतळ्या झाल्या, भोवतीच्या लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या, आणि गळ्यात पडल्यावर ती माळ सर्वस्वी आपली झाली.

रुपयांच्या अंगावर बारीक बारीक ठोके होते, कुठं फुली, कुठं चांदणीसारखं. हे सराफांचे. नाणं हाती आलं की कस बघायचा, खूण करायची आणि झिजेप्रमाणे, परमुलखाचं असेल त्याप्रमाणे बट्टा कापायचा. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तो हा बट्टा. १८३५ साली कंपनी सरकारनं सगळीकडे एकच रुपया चालू केला आणि हळूहळू सराफांचं हे काम संपत गेलं. काटा आणि गणित गेलं, शब्द तेवढा राहिला.

पुढची रांग सोपी, कारण तिच्यावर साल छापलेलं. राणीछाप रुपये, त्यातला एक १८६२ चा. हे साल पुढेही कित्येक वर्षं तसंच छापत राहिले, तेव्हा १८६२ वाचलं म्हणजे वय कळलं असं होत नाही. ठिपके मोजावे लागतात. सहाव्या जॉर्जचे दोन रुपये जवळ ठेवून वाजवले. १९३९ पर्यंतच्या रुपयात शंभरात जवळजवळ ब्याण्णव भाग चांदी होती, १९४० पासून ती निम्म्यावर आली. लढाईनं चांदी खाल्ली. कानाला फरक कळतो. १९४७ चा रुपया तर निकेलचाच, मागे वाघ. चवल्या, पावल्या, अधेल्या, ढब्बू पैसे. लढाईत तांबं वाचवायला काढलेला १९४३ चा भोकाचा पैसा. मग १ एप्रिल १९५७ पासूनचे नवे पैसे. त्यांच्यावरचा 'नया' १९६४ साली गळाला. त्यांची यादी दोन दुपारींत झाली.

एक वस्तू मी नाण्यांत धरलीच नव्हती. चांदीची जाड तार, मधोमध वाकवून दुहेरी केलेली, केसात खोचायच्या आकड्यासारखी. मुलानं ती डब्यात चुकून पडलेली समजून बाजूला काढली होती. भिंगाखाली तिच्यावर अरबी वळणाची अक्षरं दिसली. ती लारी होती. इराणातल्या लार गावावरून नाव पडलेलं हे समुद्रकाठच्या व्यापारातलं नाणं. विजापूरच्या आदिलशाहीनं दाभोळात ते पाडलं. वजन ४.७ ग्रॅम भरलं. एवढ्या वर्षांत मी लारी फक्त चित्रात पाहिली होती.

आणि मग ते रामदरबाराचं नाणं. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ हे साल. मुलाचं सगळं लक्ष त्याच्यावर. "मावशी, मोबाईलवर दाखवतात, लाखांत जातंय." मला ते हातात घेतल्याघेतल्या कळलं. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. देवळाबाहेर, जत्रेत विकायला अशा चकत्या कुणी कुणी ओतल्या आणि त्यांवर जुनं साल घातलं. घराघरांत त्या आहेत, आणि प्रत्येक घरात कुणाची तरी आशा त्यांवर टेकलेली आहे. मुलाला हे कसं सांगावं? त्याच्या वडिलांना माहीत होतं का? फसवून कुणी विकलं असेल, चार महिन्यांचा पगार त्यात गेला असेल तर? म्हणून मी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. पहिल्यांदाच.

शोधायला वेळ लागला नाही. तिकिटांच्या गड्ड्यामागच्या पुठ्ठ्याचा तुकडा, शाईचा पेन, बारीक सरळ अक्षर: "रामाचं. १८१८. चुलतभावानं मोठ्या मनानं दिलं. खोटं आहे. त्याला सांगितलं नाही."

मग मी पुढचा कागद उचलला. त्या रात्री सगळे वाचले.

"१२-११-६८. गारगोटी, शेवटची गाडी. म्हातारी. सुट्टे नाहीत. कनवटीचं हे काढून दिलं. तिकीट माझ्याकडून."

"निपाणी. तंबाखूच्या वखारीतल्या बाया. भोकाचा पैसा, पोराच्या करदोट्यातला. नको म्हटलं तरी दिला."

"पणजी मुक्काम. खानावळीत मोड म्हणून आलं. पोर्तुगीज. आता तिथंही चालत नाही."

"जोतिबा, चैत्र ७१. गाडी झाडताना गुलालात पडलेलं. दोन दिवस विचारलं, कुणी मागितलं नाही."

"विजापूर. उर्दू अक्षर. चहावाल्याकडून आठ आण्यांना. तो म्हणाला आजोबांचं. परत द्यायला गेलो तर दुकान बंद."

दोनशे चौदा चिठ्ठ्या. तारीख, गाडी, माणूस. राजाचं नाव क्वचित, तेही चुकलेलं. कंडक्टरच्या पिशवीतली रोकड वे-बिलाशी जुळावी लागते. कमी पडली तर पदरचे भरावे लागतात. म्हणजे यातलं जे जे नाणं गाडीत आलं, त्याच्या बदल्यात काकांनी खिशातलं चालू नाणं पिशवीत टाकलेलं असणार. गारगोटीच्या म्हातारीचं तिकीट तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं.

ग्रंथालयात दोन वह्या असतात. एक वर्गीकरणाची: पुस्तक कुठल्या विषयाचं, कुठल्या कपाटात. दुसरी दाखलनोंदीची: कुठल्या दिवशी आलं, कुणाकडून आलं, कितीला आलं. पहिली वही कुणीही, केव्हाही नव्यानं करू शकतो. शास्त्र बदललं की ती बदलतेच. दुसरी एकदाच लिहिली जाते. ती हरवली तर जगातला कुठलाही विद्वान ती परत लिहू शकत नाही. एकतीस वर्षं मी नव्या मुलांना हे शिकवत आले. आणि काकांची दाखलनोंदवही मी एका संध्याकाळी, आनंदानं, सुटी सुटी करून रबरात बांधली होती.

दोन दिवस मी टेबलाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी टाउन हॉलमध्ये गेले. १८७२ ते ७६ या काळात बांधलेली ती इमारत, बाहेरची बाग आणि आतलं वस्तुसंग्रहालय आम्हा कोल्हापूरकरांच्या इतकं सवयीचं की पाहुणा आला तरच आम्ही आत शिरतो. मला ब्रह्मपुरीच्या वस्तू बघायच्या होत्या. पंचगंगेच्या काठची ही टेकडी. तिथं कोल्हापूरच्या प्रा. कुंदणगारांना काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला, आणि पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केलं. ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन मूर्ती तिथलीच. बाजारात मिळाली असती तर ती कुणा हौशी माणसाच्या दिवाणखान्यातली शोभेची वस्तू ठरली असती. पंचगंगेच्या काठी, सातवाहनकाळच्या वस्तीत मिळाली म्हणून ती या गावाचा भूमध्य समुद्राशी असलेला संबंध सांगते. ती कुठं मिळाली, एवढंच तिचं बोलणं.

पण मला खरी ओढ होती ती त्याच टेकडीवर एकोणिसाव्या शतकात मिळालेल्या कुर राजांच्या नाण्यांची. शिसं आणि हलका मिश्र धातू; एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला कमानींचा डोंगर. राजे तीन, आणि तिघेही आईच्या नावानं ओळखले जाणारे: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात हिप्पोकुरा नावाची राजधानी आणि बालेओकुरोस नावाचा राजा येतो, तो यांच्यातला असावा असं विद्वान मानतात. पण तिघांत आधी कोण, नंतर कोण? वंशावळ सांगणारा शिलालेख नाही. उत्तर नाण्यांनीच दिलं. शिवलकुरानं विळिवायकुराची नाणी घेऊन त्यांच्यावर आपला ठसा मारला होता. गौतमीपुत्रानं त्या दोघांच्या नाण्यांवर आपला. नव्या धनुष्याखाली जुनं धनुष्य, नव्या अक्षरांतून डोकावणारी जुनी अक्षरं. पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यातून क्रम लावला. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या साठ्याची गोष्टही हीच: क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजार दोनशे पन्नासच्या आसपास चांदीची नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा पुनर्ठसा. नहपान हरला हे त्या नाण्यांवर दिसतं. पण त्याचा चेहरा पुरता पुसला गेला नाही म्हणूनच दिसतं.

काचेपलीकडे बघत मी उभी होते आणि डोक्यात आमचं टेबल होतं. तांबं, चांदी, निकेल. शिवशाही, आदिलशाही, राणी. माझा ठसा मी फार जोरात मारला होता.

घरी आल्यावर उलटं काम सुरू केलं. कुठलं नाणं कुठल्या चिठ्ठीचं?

काहींचं उत्तर चिठ्ठीतच होतं. भोकाचे पैसे चार होते, पण करदोट्याच्या दोऱ्याची गाठ एकाच्याच भोकात अडकून राहिलेली. जोतिबाचं नाणं म्हणजे १९४२ ची एक पावली. तिच्या कडेच्या खाचांत आणि राजाच्या कानामागे गुलाबी रेघ होती. गुलाल. पहिल्या दिवशी मी ती मळाची समजले होते, आणि काकूंच्या हाती चिंच दिली असती तर पन्नास वर्षांपूर्वीची चैत्री यात्रा वाटीभर पाण्यात उतरली असती.

बाकीच्यांसाठी कागद बोलले. एवढी वर्षं एकाच कागदात घट्ट बसलेलं नाणं त्यावर आपलं वर्तुळ उमटवतं. तांब्याचं हिरवं, चांदीचं राखाडी-काळं, निकेलचं नुसतं दाबलेलं. मी एकेक चिठ्ठी खिडकीशी धरून वर्तुळं मोजायला लागले. एकवीस मिलिमीटर हिरवं, पंचवीस मिलिमीटर काळं. काही कागदांवर छापसुद्धा उमटला होता, उलटा. आरशात धरला की राणीचा अंबाडा दिसायचा. पश्चिमेचा पाऊण तास आता कागदांसाठी लागत होता. काकूही बसायच्या. त्यांचा चष्मा जाड, पण बोटांना माझ्यापेक्षा चांगलं कळे. डोळे मिटून त्या नाणं कागदाच्या खळग्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बसलं." किंवा, "हे न्हवं." त्या दिवसांत त्यांनी चिठ्ठ्या माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्या. गारगोटीच्या म्हातारीची तीनदा. "घरी कधी सांगितलं नाही," एवढंच म्हणाल्या.

एका चिठ्ठीवर वर्तुळ नव्हतं, शिसपेन्सिलीनं घासल्यासारखा करडा डाग होता. चिठ्ठी अशी: "८९ चा पूर ओसरल्यावर. पंचगंगा घाट, ब्रह्मपुरीच्या अंगाला. पोरं गाळात खेळत होती, त्यांच्याकडून. गोळी देऊन घेतलं. काय आहे कळत नाही." कागदावर असा डाग पाडतं ते शिसं. पहिल्या दिवशी मी एक पांढरट, वजनदार, ओबडधोबड चकती 'नाणे नाही, बहुधा जाळ्याचे वजन' म्हणून परातीच्या कडेला ठेवली होती. ती आणली. कागदाच्या घडीत ती अशी बसली की दुसरी कुठली बसलीच नसती.

उन्हं कलण्याची वाट बघितली. एका बाजूला काहीच नाही. दुसऱ्या बाजूला एक वाक आहे, आणि त्याला छेदून जाणारी सरळ रेघ. धनुष्य आहे असं मला वाटतं. वहीत मी 'धनुष्य' लिहिलेलं नाही. 'वाक व त्यास छेदणारी रेघ' असं लिहिलं आहे. जमिनीतून आलेल्या अशा वस्तूची बाब सरकारला कळवायची असते, १८७८ चा कायदा आहे, हे मी मुलाला फोनवर सांगितलं. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "आण्णांची चिठ्ठी पण दाखवूया बरोबर." दिवाळीच्या सुट्टीत तो आला की आम्ही तिघं जाणार आहोत. चिठ्ठीशिवाय ती चकती म्हणजे शिशाचा तुकडा आहे.

अकरा शिवराया मात्र जुळल्या नाहीत. अकरा चिठ्ठ्या, अकरा नाणी, सगळ्यांची वर्तुळं हिरवी आणि एकाच मापाची. मी बरेच दिवस झटले. शेवटी ती नाणी आणि त्या चिठ्ठ्या एकाच पाकिटात ठेवल्या आणि बाहेर लिहिलं की यांचा संबंध यादी करणाऱ्याच्या हातून तुटला. तारीख घातली, सही केली. पुढे कुणाच्या हाती हे आलं तर त्यानं काकांच्या अक्षराला दोष देऊ नये.

वही दोन भागांत केली आहे. मागच्या भागात माझं वर्गीकरण: राजवट, धातू, वजन, व्यास, मजकूर, 'बहुधा'. पुढच्या भागात काकांची दाखलनोंद, त्यांच्या तारखांच्या क्रमानं, त्यांच्याच शब्दांत, चुकांसकट. विजापूरच्या नाण्यापुढे 'उर्दू' आहे ते तसंच ठेवलं. किमतीचा रकाना मुलानं सांगितला होता म्हणून आखला. चांदीचा भाव आणि बाजारातला अंदाज भरला आहे. रामदरबारापुढे शून्य लिहिताना त्या चुलतभावाची चिठ्ठी त्याला वाचून दाखवली. तो हसला आणि मग डोळे पुसले. डबा विकायचा विषय त्यानंतर निघालेला नाही, मीही काढलेला नाही.

मोजणी जुळत नव्हती. चिठ्ठ्या दोनशे चौदा, नाणी दोनशे तेरा. उरलेली चिठ्ठी सगळ्यांत जुन्यांपैकी एक: "लक्ष्मीपूजन ६५. पहिला बोनस. गुजरीतून रुपया घेतला." कागदावर एकतीस मिलिमीटरचं फिकट काळं वर्तुळ. कडाही अस्पष्ट, म्हणजे नाणं त्यात फार दिवस राहिलेलं नाही. काकूंना वाचून दाखवली. त्या उठून घरी गेल्या आणि पदराखाली झाकून एक वाटी घेऊन आल्या. देवघरातली. वाटीत तांदूळ आणि तांदळावर रुपया. हळद आणि कुंकू इतकं चढलेलं की पंचम जॉर्जची दाढीच तेवढी दिसत होती, साल दिसत नव्हतं.

"हा द्यायचा नाही हं," त्या म्हणाल्या. "हितंच वजन करा आणि माझा मला परत द्या. घासायचाही नाही."

मी काटा पुढे ओढला. वहीत नोंद अशी आहे: दाखल क्रमांक ३. रुपया, चांदी, पंचम जॉर्ज. साल वाचलेले नाही. वजन हळदीकुंकवासह ११.७२ ग्रॅम. मुक्काम: देवघर.